मोरीमागचा कालवा

आमच्या गावात पाण्याला वेळकाळ नव्हता. वर घाटाच्या पायथ्याशी विजेचा कारखाना. तिथे तयार झालेली वीज थेट मुंबईला जायची आणि वीज काढून उरलेलं पाणी आमच्या वाट्याला यायचं. नदीतून कालव्यात, कालव्यातून शेतात. आम्ही मात्र रॉकेलच्या चिमणीतच. पण त्या उष्ट्या पाण्यावर उन्हाळ्यातही भात पिकायचं, म्हणून कोणी तक्रार करत नसे. कालवा दिवसातून केव्हाही फुगायचा. गुडघाभर दिसतोय म्हणून बाईने धुणं घेऊन उतरावं आणि लुगडं पिळून होईतो पाणी कमरेला लागावं. पावसातली नदी निदान ओरडत येते. हा मेला मुकाट्याने यायचा.

मी चौक गावची. हमरस्त्यावर वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं आणि ट्रकांच्या आवाजात मी वाढले. साठ-एकसष्टच्या सुमारास लग्न होऊन कडावजवळच्या ह्या गावात आले तेव्हा इथली शांतता माझ्या अंगावर यायची. मी सातवी पास, म्हणजे गावाच्या मानाने बॅरिस्टर. सासूबाई म्हणायच्या, "शिकलेली सून आणली हाय, आता भात वाचून दाखवंल." त्यांची जीभ तिखट होती, आणि माझीही काही साखरेत घोळलेली नव्हती. आमचे हे खोपोलीला एका कारखान्यात कामाला. स्वभावाने गरीब. आई आणि बायकोचं वाजलं की सायकल पुसायला बाहेर जायचे. गावात सगळ्यात चकचकीत सायकल आमचीच होती.

लग्नानंतर तीन वर्षांनी मुलगी झाली. तिला आम्ही बाय म्हणायचो. दिसायला गोरीगोमटी, वेळेवर चालायला लागली, पण हाक मारली तर वळून बघायची नाही. मी कामावरून आले तर धावत यायची नाही. कडेवर घेतलं तर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची, जणू मी खिडकी आहे. आता ह्याला स्वमग्न म्हणतात, पुस्तकं आहेत, शाळा आहेत. तेव्हा आमच्याकडे ह्याला एकच नाव होतं, आणि ते कसं पडलं तेच सांगते आहे.

तिला एका गोष्टीचं वेड होतं. कालव्याचं दार. पाटकरी, म्हणजे शेतांना पाण्याची पाळी लावून देणारा माणूस, लोखंडी चाक फिरवायचा. दार कुरकुरत वर चढायचं आणि पाणी खालच्या चारीत, म्हणजे छोट्या पाटात, घुसायचं. ते बघताना बायचे दोन्ही हात फडफडायचे, तोंडातून बारीक किलकिलाट निघायचा. दार खाली आलं की पुन्हा पुतळा. घराचा दरवाजा जरा उघडा दिसला की ही कालव्यावर. मी पोळी तव्यावर टाकून किती वेळा धावले असेन त्याला हिशेब नाही. काठावर ती उकिडवी बसलेली असायची, पायाची बोटं पाण्यापासून वीतभर. मागून हाक मारायचीही सोय नव्हती, दचकली तर गेलीच. मांजर धरावं तशी मी तिला श्वास रोखून मागून उचलायची.

ती साडेतीन वर्षांची असताना शेजारची सून कालव्यात गेली. नवी नवरी होती. माझ्यापासून चार हातांवर धुणं धुवत होती, सासरच्या तक्रारी सांगून हसत होती. पाणी चढलं, दगड निसटला, आणि ती मला बोलता बोलता दिसेनाशी झाली. मी ओरडले. शेतातून पुरुष धावत आले. तिचा नवरा काठाने पळत नुसता ओरडत होता, "दोरी टाक रं, दोरी टाक." दोरी आली तेव्हा ती पुढच्या, रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकली होती. हे सगळं चालू असताना बाय झाडाखाली बसून पाण्याकडे बघत होती. रडली नाही, घाबरली नाही. मी बायचे डोळे झाकले ते फार उशिरा.

त्यानंतर महिनाभराने एका बारशाला गेलो होतो. बायका पाळणा म्हणून थांबल्या, नाव सांगायची वेळ झाली, सगळे गप्प. आणि त्या शांततेत माझी लेक बोलली. आई म्हणायला न शिकलेली पोरगी स्वच्छ बोलली, "दोरी टाक रं, दोरी टाक." त्या नवऱ्याच्याच आवाजात. तोच घोगरेपणा, तीच धाप.  बाळाच्या आईने बाळ पदराखाली घेतलं आणि तोंड फिरवलं.

दोन-तीन दिवसांत कोणाची तरी पाडी कालव्यात पडून मेली. झालं. पोरीने आधीच सांगितलं होतं, असं गावात पसरलं. जनावर कालव्यात पडणं आमच्याकडे काही नवीन नव्हतं, पण ते आता कोण ऐकतो. आम्ही रस्त्याने निघालो की बायका पोरांना आत ओढायच्या. त्यातल्याच काही मागच्या दाराने येऊन हळूच विचारायच्या, "आज काय बोलली का गं तुझी लेक?" घाबरायचंही आणि विचारायचंही. मी एकीला म्हटलं, "बोलली ना. तुझी कढी नासणार म्हणाली." ती बिचारी खरंच घरी पळाली.

सासूबाईंनी मात्र चेष्टा केली नाही. त्या म्हणाल्या, "आसरांनी धरलंय." साती आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बाया. आवडलेलं माणूस त्या घेऊन जातात, असं आमच्याकडे मानतात. मी म्हटलं, "आई, तिने ऐकलं ते ती बोलते. पोपट नाही का बोलत?" त्या म्हणाल्या, "पोपटाला मी पिंजऱ्यात ठेवते." आणि खरोखरच, मी लावणीला गेले की त्या तिला गुरांच्या दाव्याने ओटीच्या खांबाला बांधून ठेवायला लागल्या. मी आल्यावर पोरीच्या कमरेवर वळ दिसायचे. पहिल्या दिवशी मी तोंड सोडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वळ जातात गं. पोर गेल्यावर काय करशील?" त्यांचं खरं होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग मी ठरवलं, पोरगी पाण्याकडे जाते ना, तर पाणीच घरी आणू. ह्यात काही मोठी अक्कल नव्हती, बुडत्याला काडीचा आधार. आमच्या मोरीचं पाणी मागे अळूच्या आळ्यात जायचं. त्या वाटेवर मी खुरप्याने चारी खणली, दोन फाटे काढले, आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दार बसवलं. वर उचलायला तारेची कडी. बायने ते पाहिलं आणि खाली बसली. संध्याकाळपर्यंत बसली. दार वर, दार खाली. मी तांब्याने पाणी ओतत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मी दोन्ही दरवाजे उघडे टाकून स्वयंपाक केला.

पण तेवढ्याने माझं समाधान होईना. पोरगी घरात होती, पण माझ्यापासून होती तितकीच लांब. गावातल्या तिच्या वयाच्या मुली भातुकली मांडायच्या, करवंटीत मातीचा भात शिजवायच्या, पाहुण्यांना वाढायच्या. हिच्या पुढ्यात करवंटी ठेवली तर ती करवंटी फिरवत बसायची. मी बाहुली केली, चिंध्यांची, नाकीडोळी नीटस. तिने ती चिखलात फेकली. मी पानाची होडी करून चारीत सोडली, म्हटलं बघ बाय, होडी चालली गावाला. तिने होडी उचलून बाहेर टाकली आणि असा आक्रोश केला की शेजारीण काठी घेऊन आली. मी हात टेकले. तिच्या कालव्यात होडी नसते, तर ह्या चारीत कुठून येणार? चूक माझीच, मी आपलं बाहेरचं सामान तिच्यात कोंबत होते.

मग मी निराळं केलं. तिच्याच खेळात जे असतं तेच व्हायचं ठरवलं. कालव्यावर रोज काय होतं? शेतकरी येतात, पाटकऱ्याच्या विनवण्या करतात, शिव्या देतात, पाणी मागतात. एका दुपारी मी डोक्याला पंचा गुंडाळला, तिच्या समोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "पाटकरी दादा, माझी लावणी करपली. पाणी सोडा की वाईच." तिने दार वर केलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मी रोज जात राहिले. रोज तेच वाक्य, तोच पंचा. सासूबाई दारातून बघायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. "पोरगी गेली ती गेली, आता आई बी चालली," म्हणायच्या. मला स्वतःलाही कधी कधी वाटायचं, भिंतीला तुंबड्या लावते आहे मी.

आणि एक दिवस तिने मान खालीच ठेवून, पाटकऱ्याच्या त्या बेरकी, खरखरीत आवाजात उत्तर दिलं. "तुमची पाळी उद्या."

मी हसले तशी रडलेही. आता कोणी म्हणेल, हीही पोपटपंचीच. पाटकरी दिवसातून दहा जणांना तेच सांगतो. पण मी म्हटलं, "असं नका करू दादा, माझं भात मरंल." तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत नाही, पंचाकडे. पण माझ्या दिशेला पाहिलं. आणि पत्र्याचं दार वर उचललं आणि पाणी माझ्या बाजूच्या फाट्यात सोडलं. माझ्याच, दुसऱ्या नाही. त्या पाण्यात माझे पाय भिजले, आणि एखाद्याला मुंबई दिसावी तसा मला आनंद झाला.

पुढे दिवस बरे गेले म्हणावं तर तसंही नाही. ती आता कालवा खेळायला लागली होती, म्हणजे कालव्यात जे जे घडतं ते ते खेळणारच. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण आलं नाही. एका सकाळी तिने चिखलाचा गोळा वळला, उभा केला आणि म्हणाली, "मावशी." शेजारच्या त्या सुनेला ती मावशी म्हणायची नाही, काहीच म्हणायची नाही, पण मी बायसमोर तिला मावशी म्हणायची. मग तिने दार वर केलं, पाणी आलं, गोळा आडवा झाला. ती त्याच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "दोरी टाक रं, दोरी टाक."

 पहिला विचार हाच आला की लाथेने सगळी चारी मोडून टाकावी. इतके महिने ही पोरगी काय बघत होती, ते मला त्या दिवशी दिसलं. तिला काही कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. तिला सगळं कळलं होतं, फक्त पुढे काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. मी पंचा गुंडाळला आणि तिच्याजवळ बसले. म्हटलं, "पाटकरी दादा, दार बंद करा." तिने दार खाली केलं. "पाणी उतरलं. आता बाहेर ये." मी गोळा उचलला, पदराने पुसला, सावलीत बसवला. "भूक लागली असेल. भात खा." चिमूटभर माती त्याच्या तोंडाशी धरली. खऱ्या कालव्यात ह्यातलं काही झालं नव्हतं. पण माझ्या परसात मला कोण अडवणार होतं?

दुसऱ्या दिवसापासून तिने ते सगळं उचललं. जसंच्या तसं. एखादी पायरी गाळायची नाही, मध्येच उठायचं नाही. दोरी टाक, दार बंद, बाहेर ये, पुसणं, भात. मध्ये कोणी उचललं तर सगळा गाव गोळा होईल असा आकांत. गोळ्यांना नावं मिळायला लागली. मावशी झाली, बाबा झाले, मी झाले. मी रोज बुडायची आणि रोज भात खायची. मला तर वाटलं, माझ्या आईनेही मला एवढं कधी जेवू घातलं नव्हतं.

गोची अशी होती की लांबून बघणाऱ्याला बुडणंच दिसायचं. उरलेलं बघायला तिथे थांबतंय कोण? सासूबाई एकदा पाणी घ्यायला मागे आल्या. बायने गोळा उभा केला आणि म्हणाली, "आजी." गोळा पाण्यात आडवा झाला. सासूबाईंचा हंडा हातातच राहिला. "दोरी टाक" ऐकून त्या वळल्या आणि आत गेल्या. त्याच आठवड्यात विहिरीच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. लागलं थोडं, पण त्यांना ताप चढला तो उतरेना. अंथरुणात पडून त्या मागच्या दाराकडे बघत राहायच्या. मी पेज घेऊन गेले की विचारायच्या, "आज परत बुडवली का मला?"

मी सांगायला गेले की आई, ती शेवटी बाहेर काढते. त्या ऐकत नव्हत्या. मला वाटायचं, किती हा हट्ट. मग ह्यांनी एकदा सायकल पुसता पुसता, मान वर न करता सांगितलं. ह्यांच्या आधी एक मुलगी झाली होती. कालवा नव्हता तेव्हाची गोष्ट. नदीच्या डोहाशी सासूबाई धुणं धुवत होत्या, पाठ फिरली, मुलगी गेली. घरात तिचं नाव काढायचं नाही असं होतं. आसरांनी नेली म्हटलं की निदान आईची पाठ फिरली असं कोणाला म्हणावं लागत नाही. मला तेव्हा सासूबाईंची पहिल्यांदा भीती वाटली. आसरांनी नेली असं त्यांना नुसतं वाटत नव्हतं, त्याची त्यांना खात्री हवी होती.

ताप उतरल्यावर त्यांनी वरच्या वाडीतल्या भगताला बोलावलं. तो पोरीच्या जवळही गेला नाही. ओटीवर सुपात तांदूळ पसरून बराच वेळ बोटाने रेघा ओढत बसला आणि म्हणाला, "हे पोर तुमचं नाय. त्यांनी एक नेलं आन हे एक धाडलं. आपलं परत मागून घ्यायला पायजे." येत्या अमावास्येला भर दुपारी बारा वाजता नदीच्या डोहात न्यायचं. आसरांना हिरवा चुडा, हळदकुंकू, नारळ. मग पोरीला तीन वेळा बुडवायचं, आणि तिसऱ्या वेळेला हात सोडायचा. तुमचं असेल तर आईकडे येईल.

"आणि नसलं तर?" मी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता सासूबाईंकडे बघत राहिला. त्यांनी होकाराची मान हलवली आणि सुपातले तांदूळ परत मडक्यात भरायला घेतले.

त्या दिवसानंतर घरात सगळे हळू बोलायला लागले. शेजारणीनेही हिरव्या बांगड्या आणून दिल्या, म्हणाली, एवढ्या माझ्या नावाने सोडा. मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या लेकीला डोहात सोडणार आहेत. काही बोलणार आहात का?" म्हणाले, "भगत काठावर असतो गं. पोहणारी माणसं असतात. आईच्या मनाची शांती होईल." मी म्हटलं, "आणि नाही वर आली तर कोणाच्या मनाची शांती होईल?" ते फडकं घेऊन सायकलकडे गेले. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. मी त्या माणसाचा नाद सोडला आणि मनाशी ठरवलं, अमावास्येला सकाळी दहाच्या यष्टीने चौक गाठायचं. वडिलांच्या दुकानामागे एक खोली होती. ट्रकवाल्यांच्या गलक्यात आमच्याकडे कोणी वळूनही बघणार नव्हतं.

अमावास्येला हे पहाटेच कामाला गेले. माझ्याकडे न बघता गेले. सासूबाईंनी न्हाऊन नवं लुगडं नेसलं, ओटीवर ताटात चुडा, कुंकू, नारळ मांडला आणि उंबऱ्याशी बसल्या. मी मागच्या बाजूला गाठोडं बांधलं. मागच्या कुडाच्या कुंपणातून निघून बांधावरून रस्त्याला लागायचं, एवढंच काम. पण बाय चारीपाशी बसली होती आणि तिने खेळ मांडलेला होता. चिखलाचे गोळे ओळीने उभे होते. आता उचलली तर ती किंचाळणार आणि ते सगळं गाव ऐकणार. खेळ संपल्याशिवाय ती उठत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मीच तर शिकवलं होतं. मी गाठोडं काखेत धरून उभी राहिले आणि म्हटलं, आटप गं बाय, आटप लवकर. तिने पहिला गोळा पाण्यात घातला.

सासूबाई केव्हा येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. त्यांनी गाठोडं पाहिलं, मला पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील, माणसं गोळा करतील. त्या मागच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मी बी बघते कशी जातीस." मी म्हटलं, "खेळ संपला की जाते." त्या म्हणाल्या, "बघू तर, संपतो कसा."

बाबा बुडाले. दार बंद झालं, बाबा बाहेर आले, पुसून झाले, भात खाऊन झाला.  मी बुडाले, बाहेर आले, जेवले. रस्त्यावरून यष्टीचा हॉर्न ऐकू आला, मग गाडी लांब गेल्याचा आवाज.  आता चौक नाही, आता डोहच. तेवढ्यात बायने मोठा गोळा उचलला आणि म्हणाली, "आजी."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी पायरीची कड धरली. ह्या वेळेला त्या उठल्या नाहीत. पाणी आलं, गोळा आडवा झाला. "दोरी टाक रं, दोरी टाक," त्याच घोगऱ्या आवाजात. आणि मग बायने दार खाली केलं. पाणी उतरेपर्यंत ती थांबली, नेहमीसारखी. "बाहेर ये," म्हणाली. हे वाक्य मात्र माझ्या आवाजात होतं. तिने गोळा काढला, फ्रॉकच्या कडेने पुसला, सावलीत बाकीच्यांच्या शेजारी नेऊन बसवला. चिमूटभर माती त्याच्यापुढे धरली. "भात खा."

 मग सासूबाईंनी विचारलं, आवाज कसातरीच झाला होता, "सगळ्यांना भायेर काढते?"

"सगळ्यांना," मी म्हटलं. "एकालाही आत ठेवत नाही."

त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि बाय उठली. खेळ संपल्यावर ती उठायची ती सरळ मोरीत जाऊन हात धुवायची, हे ठरलेलं. ह्या वेळेला ती मोरीत गेली नाही. हातात मातीची ती चिमूट तशीच घेऊन पायरीपाशी आली, फ्रॉकची ओली कड धरून सासूबाईंचा गाल पुसला आणि चिमूट त्यांच्या तोंडाशी नेली. "भात खा." मी जागची हलले नाही. मला भीती वाटली की त्या आता तिचा हात झिडकारतील आणि ही पुन्हा कधीच कोणाकडे येणार नाही.

ओटीकडून भगताची हाक आली. "आजीबाय, निघायचं ना? येळ टळते."

सासूबाईंनी तोंड उघडलं. माती खाल्ली नाही, पण तोंड हलवलं. नवव्या वर्षी लग्न झालेली ती बाई, भातुकली कधी खेळली असेल देव जाणे, पण घास घोळवावा तसं तोंड हलवत राहिली, गिळल्यासारखं केलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तसंच गळू दिलं. भगताने पुन्हा हाक मारली.

"टळू दे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पोर मला जेवाय वाढते हाय." मग बायकडे वळून, रोज मला म्हणायच्या तशाच खवचटपणे म्हणाल्या, "मीठ कमी हाय गं."

हे वाक्य खेळात नव्हतं. मी शिकवलेलं नव्हतं, कालव्यावर कोणी बोललेलं नव्हतं. बाय तशीच उभी राहिली. मला वाटलं, संपलं, आता किंचाळणार. ती वळली, दारातून आत चुलीपाशी गेली, मिठाचं मडकं फळीवर उंच होतं तिकडे एकदा बघितलं आणि परत आली. अंगठा आणि बोट घट्ट जुळवून आली. त्या चिमटीत काहीच नव्हतं. ती तिने सासूबाईंनी पुढे केलेल्या ओंजळीवर सोडली, आणि मी झटकते तशी बोटं झटकली.